पाचशे रेकॉर्डी आणि एक नाव

पंक रॉक म्हटलं की डोळ्यांपुढं एकच चित्र येतं. गोरा पोरगा, उभे रंगवलेले केस, फाटक्या कोटाला सेफ्टी पिना. इतिहास लिहिणारेही १९७४ च्या न्यूयॉर्कच्या रामोन्सपासून सुरू करतात आणि लंडनच्या सेक्स पिस्टल्सवर येऊन टेकतात. मीही बरीच वर्षं हेच खरं धरून बसलो होतो. मग डेट्रॉइटच्या तीन काळ्या भावांची गोष्ट कळली आणि माझीच मला लाज वाटली.

डेव्हिड, बॉबी, डॅनिस. आडनाव हॅकनी. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं शहर, आणि मोटाउन कंपनीचंही. काळ्या पोरांनी काय वाजवायचं ते तिथं ठरलेलं : सोल, फंक. यांनी घरातल्या खोलीत रॉक वाजवला, तोही असा भन्नाट की पंक हा शब्द रुळण्याआधीच तो पंक होता. बाप अपघातात गेला, तेव्हा डेव्हिडनं बँडचं नाव ठेवलं ‘डेथ’. मरण! १९७५ साली एका बड्या कंपनीच्या पैशावर सात गाणी रेकॉर्ड झाली. कंपनी म्हणाली, गाणी झकास, नाव तेवढं बदला. दोघे भाऊ डळमळले. खिशात दमडी नसताना कोण डळमळणार नाही? डेव्हिड म्हणाला, नाही म्हणजे नाही.

कंपनीनं हात काढून घेतला. १९७६ मध्ये भावांनी स्वतःच एक रेकॉर्ड काढली. प्रती ५००. रेडिओवाल्यांनी कानाडोळा केला. १९७७ पर्यंत बँड मोडला.

त्याच सुमारास लंडनमध्ये पंक पेटला होता. तिथंही काळा हात होताच. रॉक्सी क्लबात पंकच्या रेकॉर्डीच पुरेशा नव्हत्या, म्हणून जमैकन आईबापांचा पोरगा डॉन लेट्स रेगे लावायचा. पण च्यायला, काही पंकवाले नुसती खोडी म्हणून दंडावर स्वस्तिक मिरवत होते, हेही लिहून ठेवलं पाहिजे. ऑगस्ट १९७६ मध्ये एरिक क्लॅप्टन बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून परक्यांना हाकला म्हणून बरळला. त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ उभं राहिलं. ३० एप्रिल १९७८ ला हजारो पोरं ट्रफाल्गर चौकातून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत चालत गेली. तिथं क्लॅश वाजले, स्टील पल्स वाजले, सोमाली बापाची लेक पॉली स्टायरीन गायली. आणि चौथ्या दिवशी, ४ मे ला, कपड्याच्या कारखान्यातला बंगाली कामगार अल्ताब अली व्हाइटचॅपलला भोसकला गेला. गाण्यांनी सुरा अडवला नाही. दहा दिवसांनी त्याच्या शवपेटीमागून हजारो माणसं चालली, ती मात्र आपल्याच पायांवर आली होती.

पंकनं मागं काय ठेवलं? मला विचाराल तर केसांपेक्षा कागद. १९७६ साली मार्क पेरी या बँकेतल्या कारकुनानं टाइपरायटर आणि जाड पेन घेऊन ‘स्निफिन ग्लू’ काढलं, झेरॉक्स करून वाटलं. परवानगी कुणाची? कुणाचीच नाही. १९९१ च्या आसपास अमेरिकेतल्या रायट ग्रर्लच्या पोरींनी हीच रीत उचलली.

डेव्हिड २००० साली कॅन्सरनं गेला. त्या ५०० तल्या प्रती संग्राहक शेकडो डॉलर मोजून घेऊ लागले. बॉबीच्या पोरांना बापाचा हा बँड माहीतच नव्हता. २००८ च्या सुमारास एका पार्टीत ते गाणं लागलं आणि एका पोरानं आवाज ओळखला : हा तर माझा बाप! २००९ मध्ये शिकागोच्या ड्रॅग सिटीनं ती सातही गाणी बाहेर काढली. वर नाव छापलं, डेथ.