गाठीच्या चिमूटभर डीएनएचा शोध

माणसाच्या एका पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. एडविन सदर्न यांनी १९७५ मध्ये डीएनएतला नेमका तुकडा हुडकण्याची पद्धत मांडली, तेव्हा एका तपासणीला सुमारे १० मायक्रोग्रॅम डीएनए लागे. म्हणजे जवळजवळ १५ लाख पेशी. शस्त्रक्रियेत निघालेली ताजी, बऱ्यापैकी मोठी गाठ हाती असेल तरच हे जमायचे. सुईने काढलेला नमुना किंवा लघवीत उतरलेल्या पेशी यांना जनुकीय तपासणीत जागाच नव्हती.

त्याच वेळी रुग्णालयांच्या विकृतिशास्त्र विभागांत मात्र मोठा ठेवा साठत होता. फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणात बसवलेले गाठींचे ठोकळे वर्षानुवर्षे जपले जात. फॉर्मॅलिन डीएनएला प्रथिनांशी जखडते आणि त्याचे तुकडे पाडते. तरीही अशा ठोकळ्यांतून डीएनए काढता येतो, हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील बर्ट व्होगेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवले. त्याच वर्षी पीसीआरचा पहिला शोधनिबंध आला. कॅरी म्युलिस यांच्या या कल्पनेत डीएनएचा निवडक तुकडा प्रत्येक फेरीत दुप्पट होतो. ३० फेऱ्यांत एकाच्या १०० कोटींहून अधिक प्रती. हा तुकडा आखूड असला तरी चालतो, त्यामुळे मेणातला मोडका डीएनएही अचानक वाचनीय झाला.

या बदलाचे मोल अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांच्या उदाहरणात लख्ख दिसते. १९६७ मध्ये, पदावर असताना, त्यांच्या लघवीतून रक्त गेले. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहूनही कर्करोगाचे निश्चित निदान झाले नाही. १९७६ मध्ये मूत्राशयाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मोठी शस्त्रक्रिया करावी लागली आणि जानेवारी १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये डेव्हिड सिड्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी १९६७ च्या लघवीतील जपलेल्या पेशी तपासल्या. पी५३ जनुकातील जो बदल १९७६ च्या गाठीत होता, तोच त्या पेशींत सापडला. हा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरावा गाठीचे निदान होण्याच्या नऊ वर्षे आधीच हाती आलेला होता. तो वाचण्याचे साधन तेवढे नव्हते.

थोडा डीएनए वाढवता आला, तरी तो कोणाचा हा प्रश्न उरतोच. गाठीत कर्करोगाच्या पेशींबरोबर रक्तवाहिन्या, तंतुमय ऊतक आणि पांढऱ्या पेशीही असतात, आणि नमुना जितका लहान तितकी ही भेसळ जास्त छळते. १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील मायकेल एमर्ट-बक, लान्स लिओटा आदींनी यावर सुंदर तोडगा काढला. ऊतकाच्या पातळ कापावर पारदर्शक पापुद्रा ठेवायचा, हव्या त्या पेशींवर लेझरचा झोत सोडायचा. तेवढ्याच जागी पापुद्रा वितळून पेशींना चिकटतो आणि उचलला की त्या सोबत येतात.

पुढचा टप्पा एकट्या पेशीचा. कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे निकोलस नेव्हिन आणि मायकेल विग्लर यांनी स्तनाच्या गाठीतील १०० पेशींची केंद्रके वेगवेगळी तपासली आणि २०११ मध्ये एकाच गाठीतील पेशींची निरनिराळी घराणी दाखवून दिली. प्रत्येक केंद्रकातील जनुकसंचाचा जेमतेम ६ टक्के भाग वाचला गेला होता. पण गुणसूत्रांचे कुठले भाग वाढले, कुठले गळाले हे कळायला तेवढे पुरले. अक्षराअक्षराचे बदल शोधणे याहून फार कठीण आहे. एका पेशीत प्रत्येक जनुकाच्या सहसा दोनच प्रती असतात. त्यातली एक पहिल्याच फेरीत सुटली तर ती कायमची सुटते, आणि सुरुवातीला झालेली नकलेतील चूक पुढच्या असंख्य प्रतींत उतरून खऱ्या उत्परिवर्तनासारखी दिसते. या क्षेत्राची बरीचशी मेहनत डीएनए वाढवण्यापेक्षा या चुका ओळखण्यात गेली आहे. व्होगेलस्टाइन आणि केनेथ किंझलर यांनी १९९९ मध्ये मांडलेला डिजिटल पीसीआर त्याच मेहनतीचे फळ. नमुना इतका विरळ करायचा, की प्रत्येक खळग्यात फार तर एखादाच रेणू पडावा. मग बदललेले आणि मूळ रेणू सरळ मोजता येतात.

या मोजणीचा मोठा उपयोग रक्तात झाला. रक्तद्रवात पेशींबाहेर डीएनए असतो, हे मांडेल आणि मेताइस यांनी १९४८ मध्येच नोंदवले होते. गाठीतील रास जनुकांचे बदल त्यात सापडल्याची नोंद १९९४ ची. जून २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फुप्फुसाच्या कर्करोगातील ईजीएफआर जनुकाचे बदल रक्तद्रवातून शोधणाऱ्या चाचणीला मान्यता दिली.

येथेही मर्यादा येते ती प्रमाणाचीच. १० नॅनोग्रॅम डीएनएत कोणत्याही जनुकाच्या सुमारे ३,००० प्रती असतात. गाठीचा वाटा १०,००० प्रतींत एक असेल, तर एकच बदल शोधणाऱ्या चाचणीच्या नळीत तो रेणू आलेलाच नसण्याची शक्यता अधिक. म्हणून अलीकडच्या चाचण्या रुग्णाच्या गाठीतील अनेक बदल आधी नोंदवतात आणि रक्तात ते सगळे एकाच वेळी शोधतात.