विस्तृतपट्टा अँटेना आणि अंगभूत गाळणी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

बिनतारी संदेशवहनाच्या इतिहासात प्रेषक आणि संशोधक यांची चर्चा विपुल प्रमाणात झालेली आहे. त्या मानाने अँटेना हा घटक बराचसा उपेक्षित राहिला. वस्तुतः विद्युतचुंबकीय लहरी अवकाशात सोडणे आणि अवकाशातून ग्रहण करणे ही दोन्ही कार्ये अँटेनाच करतो. आकाराने लहान, विस्तृत वारंवारता-पट्ट्यावर काम करणारा आणि नको असलेला पट्टा स्वतःच गाळून टाकणारा अँटेना हा एकविसाव्या शतकातील संशोधनाचा लोकप्रिय विषय ठरला. परंतु त्यामागील प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. सर्वांसाठी एकच असलेले अवकाश अनेकांनी एकाच वेळी कसे वापरावे, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने अँटेनाच्या विकासाचा मागोवा घेतला आहे.

ठिणगीचे युग आणि सुसंवादाचा शोध

हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या प्रयोगांत लहरींचा उगम विद्युत ठिणगीतून होत असे. ठिणगीची ऊर्जा विस्तृत पट्ट्यावर पसरते. म्हणजेच बिनतारी संदेशवहनाचा आरंभच एका अर्थाने विस्तृतपट्टा तंत्राने झाला. जगदीशचंद्र बोस यांनी मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले आणि १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते सादर केले. त्यांनी वापरलेले नरसाळ्याच्या आकाराचे ग्राहक हे आजच्या हॉर्न अँटेनाचे पूर्वरूप मानले जाते.

दोन प्रेषक एकाच वेळी सुरू झाले की एकमेकांचे संदेश बिघडत. यावर ऑलिव्हर लॉज यांनी १८९७ मध्ये सुसंवादी तारायंत्राचे पेटंट मागितले. प्रेषक व संशोधक एकाच वारंवारतेला जुळवावेत, ही त्यामागील कल्पना होती. त्याच पेटंटमध्ये त्रिकोणी व शंकूच्या आकाराचे अँटेनाही दर्शविले होते. विस्तार आणि निवड या परस्परविरोधी गुणांचा विचार अशा रीतीने एकाच दस्तऐवजात प्रथम एकत्र आला. मार्कोनी यांचे ७७७७ क्रमांकाचे प्रसिद्ध पेटंट १९०० चे आहे. लॉज यांचे पेटंट त्यांच्या कंपनीने १९११ मध्ये विकत घेतले. पुढे ठिणगी-प्रेषक मागे पडले, अरुंद पट्टा हीच शिस्त ठरली आणि लॉज यांचे शंकू विस्मरणात गेले.

आकाराचे गणित

दूरचित्रवाणीच्या आगमनाने विस्तृत पट्ट्याची गरज पुन्हा निर्माण झाली. फिलिप कार्टर यांनी १९३९ मध्ये शंकू-अँटेनाचे सुधारित रूप मांडले. बारीक तारेऐवजी जाड, क्रमाने रुंदावणारा वाहक वापरल्यास पट्टा वाढतो, हे तत्त्व त्यातून दृढ झाले. मात्र व्हीलर यांनी १९४७ मध्ये आणि चू यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले की, तरंगलांबीच्या तुलनेत अँटेना जितका लहान, तितका त्याचा पट्टा अरुंद होतो. अन्यथा कार्यक्षमतेचा त्याग करावा लागतो. ही मर्यादा निसर्गाची आहे. कारागिरीने तिच्या जवळ जाता येते, ती ओलांडता येत नाही.

१९५० च्या दशकात रम्से यांनी निव्वळ कोनांनी निश्चित होणाऱ्या आकाराचे तत्त्व मांडले. सर्पिल आणि लॉग-पीरिऑडिक अँटेना त्यातूनच विकसित झाले. त्यांचा पट्टा विशाल होता. परंतु त्यांच्या वेगवेगळ्या भागांतून वेगवेगळ्या वारंवारतांचे प्रारण होत असल्याने अल्पकालीन स्पंद ताणला जाई. डेशां यांनी १९५३ मध्ये सुचविलेला आणि १९७० च्या दशकात व्यवहारात आलेला मायक्रोस्ट्रिप अँटेना सपाट व स्वस्त होता. पण साध्या रूपात त्याचा पट्टा मध्य-वारंवारतेच्या काही टक्क्यांपुरताच मर्यादित असे.

२००२ चा निर्णय आणि गाळणीचा प्रवेश

अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १४ फेब्रुवारी २००२ रोजी ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याविना वापरण्यास अनुमती दिली. मात्र प्रारणाची मर्यादा प्रति मेगाहर्ट्झ उणे ४१.३ डीबीएम, म्हणजे सुमारे ७४ नॅनोवॅट ठेवली. ७५०० मेगाहर्ट्झचा संपूर्ण पट्टा वापरला तरी एकूण शक्ती अर्ध्या मिलिवॅटच्या आसपास राहते. याच पट्ट्याच्या मध्यावर, ५.१५ ते ५.८२५ गिगाहर्ट्झ दरम्यान, कितीतरी अधिक शक्तीचे बिनतारी संगणक-जाळे कार्यरत होते. या बलवान शेजाऱ्यापासून क्षीण संकेताचे रक्षण करण्यासाठी वेगळी गाळणी जोडल्यास जागा, खर्च आणि ऊर्जाक्षय वाढतो. म्हणून गाळणी अँटेनातच कोरण्याचा मार्ग संशोधकांनी स्वीकारला.

त्याची रीत साधी आहे. सपाट एकध्रुवी अँटेनाच्या पत्र्यावर इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराची खाच पाडतात. खाचेची लांबी नको असलेल्या लहरीच्या अर्ध्या तरंगलांबीइतकी असली की तिच्या दोन्ही कडांवरील प्रवाह विरुद्ध दिशांनी वाहतात, त्यांचे प्रारण परस्परांना छेदते आणि ऊर्जा परत फिरते. ४.४ परावैद्युतांक असलेल्या नेहमीच्या एफआर-४ पट्टिकेवर ५.५ गिगाहर्ट्झसाठी ही लांबी अंदाजे १६.६ मिलिमीटर येते. सपाट एकध्रुवी म्हणजे लॉज व कार्टर यांच्या शंकूचीच चपटी आवृत्ती. लॉज यांची निवडही आता त्याच पत्र्यावर उतरली.

मर्यादा आणि पुढील वाटचाल

या यशाचे मूल्यमापन सावधपणे करणे आवश्यक आहे. अनेक शोधनिबंध स्थायी-तरंग गुणोत्तराच्या आलेखावरच समाधान मानतात. तो आलेख ऊर्जा परत फिरल्याचे सांगतो. सर्व दिशांतील प्रारण किती घटले, हे लाभांकाच्या मापनाशिवाय कळत नाही. खाच अनुनादी असल्याने स्पंदाला शेपूटही जोडते. शिवाय कोरलेली खाच बदलता येत नाही, शेजारी मात्र बदलतात. अतिविस्तृतपट्टा तंत्राच्या मानकासाठी नेमलेला ८०२.१५.३ए हा गट एकमताअभावी जानेवारी २००६ मध्ये विसर्जित झाला. २०१९ पासून हे तंत्र मोबाइल संचांत अचूक अंतरमापनासाठी परतले. आणि २०२० मध्ये अमेरिकेत ५.९२५ ते ७.१२५ गिगाहर्ट्झ पट्टा वाय-फायसाठी खुला होताच २००२ नंतरच्या अनेक खाचांचे गणित अपुरे ठरले.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे मूर्त रूप पुणे जिल्ह्यातील खोडद येथे दिसते. तेथील ३० तबकड्यांच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीवर विस्तृतपट्टा ग्राहक बसविताना दूरचित्रवाणी व मोबाइलचे संकेत रोखणाऱ्या गाळण्या ग्राहकसंचात समाविष्ट कराव्या लागल्या. दूरच्या आकाशगंगेचा क्षीण संकेत आणि खिशातील संचाचा संकेत यांना एकाच अवकाशात नांदावे लागते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, अँटेनाचा इतिहास हा केवळ पट्टा वाढविण्याचा इतिहास नाही. किती ऐकावे याबरोबरच काय ऐकू नये, हे ठरविण्याचाही तो इतिहास आहे. निसर्गाची मर्यादा स्थिर आहे, तर वारंवारतांचे वाटप मनुष्यनिर्मित व परिवर्तनशील आहे. अभ्यासकाने नवी खाच कोरण्यापूर्वी या दोहोंतील भेद ध्यानी घेतल्यास त्याचे संशोधन अधिक टिकाऊ ठरेल.