व्यवहार-डेटाबेस आणि विश्लेषण-डेटाबेस : एकाच बॅकएंडमधील जोडवापर

ॲप्लिकेशनचे रोजचे व्यवहार एका डेटाबेसमध्ये नोंदवायचे आणि साठलेल्या नोंदींवरच्या बेरजा, सरासऱ्या व तुलना दुसऱ्या, वेगळ्या घडणीच्या डेटाबेसकडून करून घ्यायच्या, अशी बॅकएंडची रचना. पहिल्या प्रकाराला ओएलटीपी, तर दुसऱ्याला ओएलएपी म्हणतात. व्यवहारांसाठी सहसा पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल वापरतात. विश्लेषणासाठी क्लिकहाउस, डकडीबी किंवा बिगक्वेरी, स्नोफ्लेक यांसारख्या क्लाउड-सेवा. या नोंदीत मुख्यतः पोस्टग्रेस व क्लिकहाउस ही जोडी विचारात घेतली आहे.

दोन डेटाबेस लागतात याचे मूळ डिस्कवरच्या मांडणीत आहे. पोस्टग्रेस एका ओळीतली सगळी मूल्ये शेजारी-शेजारी, 8 किलोबाइटच्या पानांत ठेवतो. ऑर्डर क्रमांक दिला की इंडेक्सवरून नेमके पान गाठून ती ओळ वाचता किंवा बदलता येते. मात्र वर्षभराची जिल्हावार विक्री विचारली, तर हव्या असलेल्या दोन-तीन रकान्यांसाठी ओळीतले उरलेले सगळे रकानेही डिस्कवरून उचलावे लागतात. क्लिकहाउसमध्ये प्रत्येक रकाना स्वतंत्र साठवलेला असतो. एकाच जातीची मूल्ये सलग आल्याने ती दाबून छोटी करता येतात, आणि प्रोसेसर त्यांच्यावर गठ्ठ्यागठ्ठ्याने काम करतो. याची किंमतही आहे. क्लिकहाउसचा मुख्य इंडेक्स दर ओळीला नव्हे, तर साधारण 8,192 ओळींमागे एक खूण ठेवतो. त्यामुळे एकच ओळ शोधणे त्याला महागात पडते, आणि ती बदलणे त्याहून महाग.

दुसरे कारण कमी चर्चिले जाते, पण प्रत्यक्षात आधी तेच जाणवते. पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की जुनी प्रत लगेच जात नाही. ती पाहू शकणारी क्वेरी संपल्यावरच व्हॅक्यूम ही साफसफाईची प्रक्रिया तिची जागा मोकळी करू शकते. कोणी तासभर चालणारा अहवाल लावला तर तेवढा वेळ मेलेल्या ओळी साचत राहतात, तक्ते फुगतात आणि अहवालाशी काही संबंध नसलेला ग्राहक पैसे भरण्याच्या पडद्यावर ताटकळतो. अहवाल रेप्लिकावर, म्हणजे मूळ डेटाबेसच्या प्रतीवर, हलवला तरी पूर्ण सुटका होत नाही. मूळ डेटाबेसमधली साफसफाई रेप्लिकावरच्या क्वेरीच्या आड आली, तर मूळ मांडणीनुसार 30 सेकंद वाट पाहून ती क्वेरी रद्द होते. ते टाळण्याची सोय सुरू केली की फुगवटा परत मूळ डेटाबेसवर येतो.

ही फारकत जुनी आहे. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल प्रारूप मांडले, आणि ओएलएपी ही संज्ञाही 1993 मध्ये त्यांच्याच लेखातून रूढ झाली. तोवर बिल इनमन यांच्या 1992 च्या पुस्तकामुळे डेटा वेअरहाउसची कल्पना प्रस्थापित होत होती : रात्री माल उतरवायचा, सकाळी अहवाल पाहायचा. मायकेल स्टोनब्रेकर आणि उगुर चेटिन्टेमेल यांनी 2005 मध्ये ठणकावून लिहिले की, एकच डेटाबेस सगळ्या कामांना पुरेल हे दिवस संपले. गंमत अशी की, आज अनेक जण जो एकच डेटाबेस सगळ्या कामांना जुंपतात, त्या पोस्टग्रेसचा प्रकल्प 1986 च्या सुमारास बर्कलेत स्टोनब्रेकर यांनीच सुरू केला होता. क्लिकहाउस घडला तो यांडेक्स या रशियन कंपनीच्या मेट्रिका या संकेतस्थळ-विश्लेषण सेवेसाठी. 2016 मध्ये तो मुक्त स्रोत झाला.

दोन डेटाबेस निवडणे सोपे असते. कस लागतो तो त्यांना जोडणाऱ्या वाटेत. ॲप्लिकेशननेच दोन्हीकडे लिहावे, ही पहिली सुचणारी आणि सर्वांत वाईट पद्धत होय. पोस्टग्रेसमध्ये नोंद पक्की झाली आणि क्लिकहाउसकडे जाताना नेटवर्क तुटले, तर दोन्हींना कवेत घेणारे ट्रान्झॅक्शन नसल्याने तफावत कायमची राहते, आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही. त्याऐवजी पोस्टग्रेसचा बदल-लॉग वाचावा. लॉगमधील बदल ओळींच्या स्वरूपात उलगडून देण्याची सोय 9.4 या आवृत्तीत, 2014 मध्ये आली. डेबेझियम हे साधन असे बदल काफ्का या संदेश-प्रणालीत ओतते. पीअरडीबी ते थेट क्लिकहाउसकडे नेतो. ही पीअरडीबी कंपनी 2024 मध्ये क्लिकहाउसने विकत घेतली. बाजारातली रोजकीर्द आणि खतावणी यांचे जे नाते, तेच इथे अभिप्रेत आहे : नोंद एकदाच कीर्दीत होते आणि खतावणी तिच्यावरून उतरते.

या वाटेवरही खड्डे आहेत. बदल वाचणारा प्रोग्राम बंद पडला तर त्याने न वाचलेला लॉग पोस्टग्रेस जपून ठेवतो. असे दोन दिवस गेले तर डिस्क भरून चक्क मूळ डेटाबेसच थांबू शकतो. म्हणजे अहवालांच्या सोयीसाठी केलेली जोडणी दुकानच बंद पाडते. साठणाऱ्या लॉगला मर्यादा घालण्याची सोय 13 व्या आवृत्तीपासून आहे, ती वापरावीच. मर्यादा ओलांडली की जोडणी तुटते आणि डेटा पहिल्यापासून भरावा लागतो, पण तो तोटा परवडतो. क्लिकहाउसच्या बाजूला, एकेक ओळ सुटी घातली तर प्रत्येक वेळी डिस्कवर नवा तुकडा तयार होतो आणि तुकडे फार झाल्याची तक्रार करून तो नोंदी नाकारतो. ओळी हजारांच्या गठ्ठ्याने घालाव्यात. बदललेल्या ओळींसाठी बहुधा रिप्लेसिंग-मर्ज-ट्री हा तक्त्याचा प्रकार वापरतात. त्यात जुनी व नवी प्रत पार्श्वभूमीवरच्या विलीनीकरणात एक होते, पण केव्हा होईल याची हमी नसते. तोवर क्वेरीत फायनल हा शब्द विसरला की एकच विक्री दोनदा मोजली जाते. खोडलेल्या नोंदींचेही तसेच. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे, आणि ती फक्त पोस्टग्रेसमधून पुसून भागत नाही.

दोन्हींत काही सेकंदांचे किंवा मिनिटांचे अंतर राहणारच. म्हणून वापरकर्त्याची स्वतःची शिल्लक किंवा आत्ताच दिलेली ऑर्डर नेहमी पोस्टग्रेसमधून दाखवावी. तक्ते आणि आलेख क्लिकहाउसमधून.

दोन्ही कामे एकाच यंत्रणेत करण्याचे प्रयत्नही झाले. गार्टनर या सल्लागार कंपनीने 2014 मध्ये त्यांना एचटीएपी हे नाव दिले; त्याआधीच एसएपीचा हाना आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातला हायपर पुढे आले होते. टायडीबी या अशाच डेटाबेसमध्ये ओळींसाठी टायकेव्ही व रकान्यांसाठी टायफ्लॅश असे दोन साठे आतच आहेत. म्हणजे फारकत मिटत नाही, तिची जबाबदारी ॲप्लिकेशनकडून डेटाबेसकडे जाते, आणि हाही लहान फायदा नव्हे.

काही कोटी ओळींपर्यंतच्या बऱ्याच ॲप्लिकेशनांना यातले काहीच लागत नाही. नीट इंडेक्स, तारखेनुसार विभागलेले तक्ते आणि ठरावीक वेळाने ताज्या होणाऱ्या मटेरियलाइज्ड व्ह्यू यांवर एकटा पोस्टग्रेस बराच पल्ला गाठतो. दुसरा डेटाबेस आणला की त्याचे बॅकअप, आवृत्त्या आणि मध्यरात्रीचे फोनही येतात. तेव्हा अहवालांमुळे व्यवहार खोळंबू लागल्याचे मोजून सिद्ध झाल्याशिवाय तो आणू नये.