पॉइंट टू-टू रायफल कशी निवडायची? नेमबाजीच्या छंदासाठी परवडणाऱ्या रिमफायर रायफलची पूर्ण माहिती

१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकलं. तेव्हापासून मला एक प्रश्न बऱ्याचदा विचारला जातो: "तसली रायफल केवढ्याला मिळते? स्वस्तातली एखादी सांग ना."

स्वप्नीलच्या रायफलीत जी गोळी लागते तिचं नाव .२२ लाँग रायफल. बोलताना आपण तिला पॉइंट टू-टू म्हणतो. ऑलिम्पिकची रायफल खूप महाग असते, पण तीच गोळी वापरणाऱ्या साध्या रायफलीही मिळतात. त्या कशा निवडायच्या, ते आज बघू.

थोडक्यात उत्तर: अंगाला बसणारी, चांगल्या ट्रिगरची साधी बोल्ट ॲक्शन रायफल घ्या. बजेट ठरवताना निम्म्याहून जास्त पैसे गोळ्यांसाठी ठेवा. आणि भारतात असाल तर आधी रेंज, मग परवाना, मग रायफल. हा क्रम उलटा केलात तर पैसे जातील, शिवाय कायद्याचं लचांड मागे लागेल.

रिमफायर म्हणजे काय?

काडतूस पेटवायला आत एक स्फोटक मसाला असतो. मोठ्या रायफलींमध्ये तो काडतुसाच्या बुडाशी, मधोमध बसवलेल्या छोट्या टोपीत असतो. त्याला सेंटरफायर म्हणतात. रिमफायरमध्ये तोच मसाला बुडाच्या कडेत, म्हणजे रिममध्ये भरलेला असतो. फायरिंग पिन त्या कडेवर आदळते आणि गोळी सुटते.

कड चेपता यावी म्हणून पितळ पातळ ठेवावं लागतं, त्यामुळे आत फार दाब चालत नाही. म्हणून धक्का अगदी कमी, आवाज कमी आणि गोळी स्वस्त. .२२ लाँग रायफल १८८७ पासून चालत आली आहे आणि नेमबाजी शिकायला आजही जगभर हीच वापरतात. तोटा एकच: वापरलेलं काडतूस पुन्हा भरता येत नाही.

"छोटी गोळी" म्हणून तिला खेळणं समजू नका. तिची ऊर्जा साधारण १४० जूल असते आणि ती दीड-दोन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते.

आधी कायदा समजून घ्या

भारतात पॉइंट टू-टू रायफलीला शस्त्र परवाना लागतोच. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्यासाठी वय किमान २१ हवं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. मुंबई-पुण्यासारख्या पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्तांकडे. परवाना नसताना बंदूक जवळ ठेवणं म्हणजे थेट तुरुंगवासाचा गुन्हा. त्यामुळे इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सॲपवर कोणी "पॉइंट टू-टू, विदाउट लायसन्स, ॲडव्हान्स पाठवा" म्हणत असेल तर सरळ ब्लॉक करा. एक तर पैसे बुडतील, नाही तर गुन्हा दाखल होईल.

मग २१ च्या आतल्यांनी काय करायचं? रायफल क्लबमध्ये जा. क्लबच्या रायफलीवर रेंजमध्ये प्रशिक्षकासमोर सराव करता येतो, आणि १२ वर्षांपुढच्या मुलामुलींच्या प्रशिक्षणाची सोय नियमांत आहे. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात, कोल्हापुरात दुधाळीला.

अमेरिकेत शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मराठी मित्रांनो, तुमच्यासाठी खास सूचना. तिथे दुकानात रायफल सहज दिसते, पण एफ-१ किंवा एच-१बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना बंदूक आणि गोळ्या बाळगायला तिथल्या फेडरल कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे काही अपवाद आहेत. मित्रासोबत रेंजवर जायच्या आधी हे तपासा, कारण पुढे व्हिसाचाच प्रश्न येऊ शकतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट लागू नाही.

बोल्ट ॲक्शन की सेमी-ऑटोमॅटिक?

बोल्ट ॲक्शनमध्ये प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागतो. सेमी-ऑटोमध्ये ट्रिगर दाबला की पुढची गोळी आपोआप चेंबरमध्ये येते.

नेमबाजीसाठी माझं मत स्पष्ट आहे: बोल्ट ॲक्शन. त्याच किमतीत ती बहुतेक वेळा जास्त अचूक असते, बिघडण्यासारखे भाग कमी असतात आणि कुठलीही गोळी चालते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती तुमचा वेग कमी करते. एक गोळी, एक श्वास, एक नेम ही सवय लागते. शिवाय भारतात सेमी-ऑटोमॅटिकचे नियम बरेच कडक आहेत, त्यामुळे आपल्याकडे तो पर्याय जवळपास नाहीच.

काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं?

मोबाईल घेताना आपण मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलतो आणि फोटो खराब येतात. रायफलीतही तसंच आहे. दिखाऊ गोष्टी सोडा आणि हे चार मुद्दे बघा:

- फिटिंग: रायफलीचा दस्ता कोपराच्या आतल्या घडीत टेकवा. बोटाचं पहिलं पेर सहज ट्रिगरवर पोचलं पाहिजे. खांद्याला लावून डोळे मिटा, मग उघडा. डोळा आपोआप साइटच्या रेषेत आला तर ती रायफल तुमच्या मापाची.
- ट्रिगर: दाबताना खरखर नको, फरफट नको. काचेची बारीक काडी मोडावी तसा तो स्वच्छ तुटला पाहिजे. जड ट्रिगर ओढताना रायफल हलते आणि नेम जातो. ट्रिगरचं वजन कमी-जास्त करता येत असेल तर उत्तमच.
- बॅरल: .२२ मध्ये आतले आटे साधारण १६ इंचांत एक फेरा असे असतात, हे ठरलेलंच आहे. लांब बॅरल म्हणजे जास्त अचूक हा गैरसमज आहे. जाड बॅरल रेंजवर स्थिर वाटतं, पण उभं राहून मारताना हात भरून येतो.
- साइट: सुरुवातीला भोकाची ॲपर्चर साइट मिळाली तर तीच घ्या, नेमाची शिस्त लागते. स्कोप लावायचा असेल तर रिमफायरसाठीचाच घ्या, कारण त्याचा पॅरॅलॅक्स साधारण ५० यार्डांवर जुळवलेला असतो. मोठ्या रायफलीचा स्कोप बहुधा १०० यार्डांसाठी असतो. जवळच्या टार्गेटवर डोळा थोडा सरकला तरी नेम सरकल्यासारखा दिसतो.

कॅमो रंग, घडीचा दस्ता, २५ गोळ्यांचं मॅगझिन यांनी एकही गुण वाढत नाही.

कोणती मॉडेल्स?

यूट्यूबवर तुम्हाला दिसणाऱ्या रायफली बहुतेक अमेरिकी बाजारातल्या आहेत. त्यांची ओळख असावी म्हणून सांगतो:

- रूगर १०/२२: १९६४ पासून चालू असलेली सेमी-ऑटो. सुटे भाग भरपूर, साधारण ३०० डॉलरच्या आसपास. मजेसाठी छान, नेमासाठी दुसरी पसंती.
- सॅव्हेज मार्क २: बोल्ट ॲक्शन, साधारण त्याच किमतीत. हिच्या ॲक्युट्रिगरचं वजन घरी कमी-जास्त करता येतं. कमी पैशांत अचूकता हवी असेल तर माझी पहिली पसंती हीच.
- सीझेड ४५७: चेक कंपनीची बोल्ट ॲक्शन, साधारण ५०० डॉलरच्या पुढे. फिनिशिंग आणि बॅरल वरच्या दर्जाचं. जास्तीचे पैसे द्यायचे असतील तर इथे द्या.

भारतात या दुकानात जाऊन घेता येत नाहीत. परदेशी रायफल आणायची वाट मुख्यतः ठरावीक पातळी गाठलेल्या नेमबाजांसाठी आहे. सामान्य परवानाधारकासाठी वर्षानुवर्षांचा पर्याय म्हणजे इशापूरच्या रायफल फॅक्टरीची .२२ स्पोर्टिंग रायफल, तीही बोल्ट ॲक्शन. नाही तर परवानाधारक डीलरकडून जुनी.

जुनी घेताना बॅरलमधून उजेडाकडे बघा: गंज किंवा खड्डे नकोत. चेंबरची कड तपासा. काही जुन्या रायफलींमध्ये रिकामा ट्रिगर ओढत राहिल्याने पिन त्या कडेवर आदळते आणि तिथे खाच पडते.

खरा खर्च गोळ्यांचा

आठवड्याला १०० गोळ्या मारल्या तर वर्षाच्या ५,२०० होतात. अमेरिकेत साधी गोळी १० सेंटला धरली तरी ५२० डॉलर झाले, म्हणजे रायफलीपेक्षा जास्त! भारतात तर परवान्यावर गोळ्यांची मर्यादाही लिहिलेली असते, त्यामुळे प्रत्येक गोळी मोलाची.

स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळी घ्या. ती सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर वेगाने, म्हणजे आवाजाच्या वेगाखालीच जाते. हाय व्हेलॉसिटी गोळी आवाजापेक्षा जोरात निघते आणि वाटेत त्या वेगाखाली येताना डळमळू शकते. टार्गेटसाठी जास्त वेग म्हणजे जास्त चांगलं, असं नाही.

प्रत्येक रायफलीची आवड वेगळी असते. चार-पाच ब्रँडचा एकेक डबा घ्या, ५० मीटरवर टेकूवरून प्रत्येकाचे पाच-पाच शॉट्सचे ग्रुप काढा. सगळ्यात छोटा ग्रुप देणारी गोळी ती तुमची. नवीन बॅरलपेक्षा हा प्रयोग कितीतरी स्वस्त पडतो.

किती अचूक पुरे?

५० मीटरच्या टार्गेटवर १० गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं. पण गोळी ५.६ मिलिमीटरची, आणि तिने कड शिवली तरी पूर्ण गुणांच्या मोजणीत १० मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की झालं. पंधरा मिलिमीटरचा ग्रुप देणारी साधी रायफलही जवळपास सगळे दहा मारू शकते. आपले सात-आठ येतात ते आपल्या हातामुळे, आणि हात सुधारायला रायफल नाही, सराव विकत घ्यावा लागतो.

परवाना नसेल तर?

एअर रायफल! .१७७ बोअर आणि २० जूलच्या आतली एअर रायफल भारतात परवान्याशिवाय मिळते. दुकानदाराला ओळखपत्र द्यावं लागतं. प्रिसिहोल, एसडीबी अशा भारतीय कंपन्यांच्या आहेत. पेलेट स्वस्त आणि १० मीटर जागा पुरते. उभं राहणं, श्वास, ट्रिगर हे सगळं इथे शिकता येतं आणि पुढे पॉइंट टू-टूवर तसंच्या तसं कामाला येतं. पण परवाना लागत नाही म्हणून ती गच्चीवर किंवा पक्ष्यांवर चालवायची नसते.

हे नियम पाठच करा

- प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा.
- नळी कायम टार्गेटच्या दिशेने.
- नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर.
- टार्गेटच्या मागे काय आहे ते माहीत हवं. मागे मातीचा बांध हवाच. दगडावरून किंवा पाण्यावरून गोळी उसळते.
- ट्रिगर ओढूनही गोळी सुटली नाही तर नळी समोरच ठेवून ३० सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. रिमफायरमध्ये असं अधूनमधून होतं.
- डोळ्यांना चष्मा, कानांना इअरप्लग.

तर मित्रांनो, या रविवारी दुकान शोधण्याऐवजी जवळची रेंज शोधा. क्लबच्या रायफलीवर दोन-तीन महिने मारा. तोवर तुमचा हात कसा आहे, किती वजन पेलतं आणि महिन्याला गोळ्यांना किती पैसे निघतात हे सगळं कळलेलं असेल. मग रायफल निवडायला फार वेळ लागणार नाही.