शाळेचा पट आणि शाळेचा निकाल

प्राथमिक शाळेच्या दप्तरात दोन नोंदी विशेष महत्त्वाच्या असतात. पहिली पटाची, म्हणजे शाळेत कोणाची मुले येतात याची. आणि दुसरी निकालाची, म्हणजे ती मुले काय शिकली याची. व्यापाऱ्याच्या वहीत जमा आणि नावे या बाजू जशा एकमेकींवाचून अपुऱ्या, तद्वतच या दोन नोंदी होत. समाज मात्र निकाल आवडीने वाचतो आणि पटाकडे क्वचितच पाहतो. महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणाचा इतिहास चाळला असता या दुर्लक्षाची किंमत ध्यानात येते.

एकोणिसाव्या शतकात सरकारी शाळा निघाल्या, तरी त्यांचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते. त्या काळी मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाड येथील सरकारी शाळेत १८५६ मध्ये एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो त्यास नाकारण्यात आला. हे प्रकरण विलायतेपर्यंत गेले आणि सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी खुल्या आहेत, हे तत्त्व १८५८ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाने मान्य केले. परंतु तत्त्व कागदावर येणे निराळे आणि मूल वर्गात येणे निराळे. १९०० च्या नोव्हेंबरमध्ये साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव पटावर चढले; पण वर्गात त्याला इतरांपासून वेगळे बसावे लागे. हाच विद्यार्थी १९०७ मध्ये मॅट्रिक झाला आणि पुढे देशाच्या राज्यघटनेचा शिल्पकार ठरला. ज्यांचे नाव पटावर कधी चढलेच नाही, त्यांच्यात किती गुणवत्ता वाया गेली, याचा हिशेब कोणत्याच दप्तरात नाही.

त्याच शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात 'निकालानुसार अनुदान' ही पद्धत रूढ होती. परीक्षेत जितकी मुले उत्तीर्ण, त्या मानाने शाळेस सरकारी मदत. वरवर पाहता हा चोख व्यवहार वाटतो. परंतु घरी अभ्यासाचे वातावरण असलेले मूल शाळेला लाभाचे आणि शेतमजुराचे मूल तोट्याचे, असा हिशेब त्यातून साहजिकच निघतो. पाठांतर वाढते आणि मागे पडणारा मागेच राहतो. लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत, विसाव्या शतकाच्या प्रारंभी, या पद्धतीचा त्याग करण्यात आला.

हा प्रश्न मुळापासून मांडणारे पहिले द्रष्टे महात्मा जोतीराव फुले होत. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की, सरकारी तिजोरीत भर घालतो शेतकरी, आणि शिक्षणाचा लाभ मिळतो वरच्या वर्गांना. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती. सरकारने ती स्वीकारली नाही. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू केला. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये वरिष्ठ विधिमंडळात याविषयीचे विधेयक मांडले. पुढील वर्षी ते फेटाळले गेले.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१८ मध्ये करवीर पेट्यातील चिखली येथून अंमलबजावणीस प्रारंभ झाला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम निघाला. त्यामुळे पट केवळ वाढला नाही, तर एक झाला.

महाराजांनी आणखी एक गोष्ट ओळखली होती. खेड्यातील मुलाला शहरातील विद्यालय खुले असून भागत नाही. त्याला राहण्यास जागा आणि वेळेवर दोन घास हवेत. म्हणून १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग ही त्यांतील आरंभीची. या चळवळीतील एक धुरीण अण्णासाहेब लठ्ठे यांनीच १९२४ मध्ये महाराजांचे इंग्रजी चरित्र लिहिले आणि १९३७ मध्ये ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. निकाल सुधारावयाचा असेल तर मुलाची परिस्थिती आधी सुधारावी लागते, हा या वसतिगृहांचा धडा होय.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने दहा वर्षांत सर्वांना शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले. प्रत्यक्षात शिक्षणाचा हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. आता पट जवळजवळ भरला आहे. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या 'असर' पाहणीनुसार २०२४ मध्ये ग्रामीण भारतातील ६ ते १४ वयोगटाची ९८.१ टक्के मुले शाळेत दाखल होती. परंतु इयत्ता दुसरीचा उतारा वाचू शकणारी पाचवीची मुले २०१८ मध्ये ५०.५ टक्के, कोरोनाकाळानंतर २०२२ मध्ये ४२.८ टक्के, आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्के होती. म्हणजे पाचवीतील निम्म्याहून अधिक मुलांचे नाव पटावर आहे आणि अक्षर मात्र पक्के नाही.

या आकड्यांमागे घरे आहेत. मराठवाड्यातील ऊसतोडणी कामगारांची मुले दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर कारखान्यांकडे जातात. हंगाम संपतो तेव्हा शाळेचे वर्षही संपत आलेले असते. अशा मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, गावातच हंगामी वसतिगृहे निघाली. कोल्हापूरच्या बोर्डिंगांचे सूत्र शंभर वर्षांनंतर पुन्हा उपयोगी पडले.

आज गावोगावी गुणगौरव समारंभ होतात आणि नव्वद टक्के गुण मिळविणाऱ्यांचा सत्कार होतो. ते उचितच आहे. परंतु दानशूर व्यक्ती आणि संस्था यांनी पटावरील शेवटच्या नावाचीही तितक्याच आस्थेने विचारपूस केली पाहिजे. ते मूल कोठून येते, घरी त्याला वाचून दाखविणारे कोणी आहे काय, ते वर्षातून किती दिवस शाळेत असते, हे विचारल्यावाचून शाळेच्या निकालाचा खरा अर्थ लागत नाही. पहिल्या आलेल्या मुलास शाल मिळेल. शेवटच्यास पुस्तक, दिवा आणि जवळ बसणारे माणूस मिळाले, तर जोतीराव आणि शाहू महाराज यांचे उरलेले काम पुढे सरकेल.