आधी पाणी, मग राहुटी
(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. 'मामा, आम्ही चार कुटुंबं दोन गाड्या घेऊन तुमच्याकडे येतोय. हॉटेल नको, तंबू ठोकून राहायचं. अकोला-अमरावतीकडे चांगली जागा कुठली?' मी म्हणालो, 'उद्या सांगतो.' खरे म्हणजे मला पटकन उत्तर सुचले नव्हते. रात्री विचार करू लागलो, तेव्हा जाणवले की हा प्रश्न आपल्या वऱ्हाडाला मुळीच नवा नाही. मुक्काम कुठे टाकायचा, हे इथे फौजांनी ठरवले, लमाणांनी ठरवले, साहेब लोकांनी ठरवले आणि आपल्या आजा-पणजांनीही ठरवले. त्यांनी निवडलेल्या काही जागांवर आज गावे उभी आहेत.

वऱ्हाडात मुक्कामाची जागा निवडणे बाहेरच्या माणसाला वाटते तितके सोपे नाही. नकाशा पाहिला तर सगळे सपाट मैदान. वाटते, कुठेही उतरावे. पण पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर अशा तालुक्यांची कितीतरी गावे त्यात येतात. इथे विहीर खणली तर पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. दहीहंड्याच्या बाजूला तर पूर्वी खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढत असत. अशा पाण्यात तुरीची डाळ तासभर चुलीवर ठेवली तरी शिजत नाही, हे या पट्ट्यात सून म्हणून आलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

दुसरी अडचण काळ्या मातीची. कोरडी असताना तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि चार सरी आल्या की गाडीचे चाक आसापर्यंत रुतते. तंबूची खुंटी अशा मातीत टिकत नाही. म्हणून जाणता माणूस मुरमाड जमीन शोधतो. गोड पाणी आणि मुरूम या दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात त्या सातपुड्याच्या पायथ्याशी. वऱ्हाडातले जुने किल्ले, छावण्या, यात्रा त्या डोंगराच्या कडेने का दिसतात, याचे निम्मे उत्तर मला तरी यातच दिसते. उरलेले निम्मे घाटवाटांत आहे.

मुक्कामाच्या जागेवरून इतिहास कसा वळतो, याचे एक उदाहरण अकोला जिल्ह्यातच आहे. २९ नोव्हेंबर १८०३. दुसरे इंग्रज-मराठा युद्ध चालू होते. आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि ज्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवले, तो आपली फौज घेऊन तेल्हाऱ्याकडच्या भागात पोहोचला होता. सैनिक सकाळपासून चालून दमले होते, ऊन कडक होते. त्या दिवशी लढाई करायची नाही, तळ टाकायचा, असे त्याने ठरवले होते. तळाची जागा पाहायला आणि पहारे पुढे बसवायला तो स्वतः निघाला, आणि समोर अडगावच्या मैदानात नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजेची लांबच लांब फळी उभी दिसली. भोसल्यांच्या फौजेवर रघूजींचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू होते. दिवस कलायला आला होता, तरी वेलस्लीने बेत बदलला आणि हल्ला चढवला. पळणाऱ्यांचा पाठलाग चांदण्यात चालू राहिला. तळाची जागा शोधायला निघालेला माणूस लढाई जिंकून परतला! आपल्याकडे शाळेत असईची लढाई शिकवतात. अडगाव मात्र अकोल्याच्या मुलालाही ठाऊक नसते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

पुढे गाविलगडाच्या वेळीही तळ कुठे, हाच मुख्य प्रश्न होता. दक्षिणेकडून किल्ला सरळसोट. चढाई शक्य होती ती उत्तरेकडून. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनची फौज डोंगरातून वाट करीत, अवजड तोफा ओढत लबाडा गावाकडे गेली. वेलस्ली दक्षिणेला पायथ्याशी राहिला. १५ डिसेंबरला किल्ला पडला आणि दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावच्या तळावर भोसल्यांशी तह झाला. वऱ्हाड नागपूरकरांच्या हातून गेले ते एका मुक्कामावर.

या फौजांना धान्य पुरवणारे होते लमाण. त्यांचे हजारो बैलांचे तांडे मीठ, धान्य घेऊन सारा देश पालथा घालीत. 'कारवाँ' हा शब्द आपण आज पर्यटनाच्या जाहिरातीत वाचतो; खरा कारवाँ हा होता. तांड्याचा नाईक मुक्काम ठरवी. त्याला एवढ्या बैलांना पुरेल असे पाणी लागे, चराई लागे आणि वाट शेतातून जाऊन तंटा होणार नाही एवढी मोकळीक लागे. रात्री गोण्या रचून त्यांचीच भिंत करीत. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि बैलांवरचा हा व्यापार हळूहळू संपला. 

इंग्रज अधिकारी हिवाळ्यात तंबू घेऊन जिल्हाभर दौरा करीत. त्यांची आवडती जागा म्हणजे विहीर असलेली आमराई. अमरावतीचा 'कॅम्प' भाग अजून त्याच नावाने ओळखला जातो. परतवाडा तर अचलपूरच्या छावणीतूनच वाढले. आणि १८२३ मध्ये हैदराबाद फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनची नजर चिखलदऱ्यावर गेली, तेव्हापासून ते थंड हवेचे ठिकाण झाले. अर्थात गवळी आणि कोरकू लोक तिथे आधीपासूनच होते, हे सांगायचे राहून जाते.

पण मला विचाराल तर वऱ्हाडाचे खरे तंबूचे गाव म्हणजे बहिरम. चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायाशी. डिसेंबरच्या उत्तरार्धात यात्रा भरते ती जानेवारी संपेपर्यंत चालते. बहिरमबाबाला लोणी आणि शेंदूर वाहायचा आणि राहुटी ठोकून राहायचे. एक दिवस नाही, चार-चार, आठ-आठ दिवस! ज्वारी खळ्यावर आलेली, कापसाचे पैसे हातात, बैलांना जरा उसंत. लोक रेंगी-बंडीने कुटुंबासकट निघत. मातीच्या हंडीतले मटण आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे ही बहिरमची ओळख. पूर्वी तिथे देवापुढे पशुबळी जात. गाडगेबाबांनी त्याविरुद्ध कीर्तने केली आणि ती प्रथा थांबली.

लहानपणी आजोबांबरोबर मी गेलो आहे. बंडी थांबली की आम्ही पोरे उड्या मारून जागा धरायला धावायचो. आजोबा ओरडायचे, 'अरे, पयले पानी पाय, मंग रावटी ठोक!' स्वतः मात्र आधी विहिरीवर जायचे. पाणी किती खोल, दोर किती लागतो, तिथे आणखी कोण भरते, हे बघून मग जागा. वारा कुठून येतो ते बघून चूल. नाल्याच्या पात्रात कधी राहुटी टाकू द्यायचे नाहीत, हिवाळ्यातसुद्धा.

आता पुन्हा तंबूंचे दिवस आले आहेत. राज्य शासनाने २०२१ मध्ये कारवाँ पर्यटनाचे धोरण आणले, त्यात अशी वाहने उभी करायच्या तळांचाही विचार आहे. चिखलदऱ्याच्या वाटेवर शेतांतून रंगीत तंबू दिसतात. मेळघाटात मात्र मनाला येईल तिथे उतरता येत नाही. १९७३-७४ मध्ये तिथे व्याघ्र प्रकल्प झाला. सिपना नदीकाठी सेमाडोह, कोलकास येथे वनखात्याची सोय आहे; तिथे आधी नोंदणी करूनच जावे. आणि चिखलदऱ्याचा पाऊस पाहून फसू नये. धो-धो पडणारे ते पाणी कातळावरून वाहून जाते, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या काही गावांना टँकर लागतो.

भाच्याला शेवटी परतवाड्याजवळ पायथ्याशी एका ओळखीच्या शेतकऱ्याची जागा सांगितली. मुरमाची जमीन, आंब्याची चार झाडे, गोड पाण्याची विहीर. मंडळी तीन रात्री राहिली, खूश होऊन गेली. परवा त्याचा पुन्हा फोन, 'मामा, आता मे महिन्यात येतो, पोरांना सुट्टी आहे.' मी त्याला डिसेंबरातच ये म्हणून सांगितले. मे महिन्यात त्या विहिरीवर पहाटे चारपासून गावातल्या बायांचे हंडे लागलेले असतात.