तव्यावरील थेंब आणि उत्कलनाचे गणित

वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात, नागपूर-अमरावती मार्गावर तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव वसलेले आहे. धिरडे घालण्यापूर्वी तव्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडून पाहण्याची रीत तेथे काय किंवा महाराष्ट्रात अन्यत्र काय, गृहिणींच्या अंगवळणी पडलेली आहे. थेंब चर्र वाजून तत्काळ विरला, तर तवा बेताचा तापला असे समजावयाचे. तो मोत्यासारखा गोल होऊन पळू लागला, तर जाळ कमी करावयाचा. अधिक तापलेल्या तव्यावर पाणी अधिक काळ टिकते, हा वरवर विपरीत भासणारा अनुभव होय. त्याचे गणित सिद्ध होण्यास मात्र सुमारे दोन शतके लागली.

इ. स. १७५६ मध्ये लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने लालबुंद तापविलेल्या लोखंडी पळीत पाण्याचा थेंब सोडून तो अर्ध्या मिनिटाहून अधिक टिकतो, असे नोंदविले. थेंब व धातू यांच्यामध्ये वाफेचा पातळ पदर निर्माण होतो आणि तो उष्णतेला अडवून धरतो, हे त्याचे कारण होय. उष्णता किती अडते, हे मोजण्याचे काम पुढे जपानमध्ये झाले. सेंदाई येथील शिरो नुकियामा यांनी पाण्यात बुडविलेली बारीक तार विजेने तापविली व तिच्या रोधावरून तिचे तापमान काढले. त्यांचा निबंध १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रारंभी तापमान थोडे वाढताच उष्णतेचा प्रवाह झपाट्याने वाढतो. परंतु एका मर्यादेनंतर बुडबुडे एकमेकांत मिसळून तारेभोवती वाफेचे आवरण तयार होते आणि तार एकाएकी तापून वितळते, असे त्यांना आढळले. प्लॅटिनमची तार मात्र टिकली. म्हणून मर्यादेपलीकडील अवस्थाही त्यांना अभ्यासता आली.

अमेरिकेत रोझेनाव यांनी १९५२ मध्ये बुडबुड्यांच्या अवस्थेसाठी सूत्र मांडले. त्यानुसार उष्णतेचा प्रवाह पृष्ठभागाच्या वाढीव तापमानाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. वातावरणाच्या दाबाखाली तांब्याचा पृष्ठभाग उत्कलनबिंदूहून १० अंशांनी अधिक तापला असता, दर चौरस मीटरला सुमारे १ लाख ३७ हजार वॅट उष्णता पाण्यात जाते. हाच फरक २० अंश झाला, की ती आठपट, म्हणजे सुमारे ११ लाख वॅट होते. झुबर यांनी १९५९ मध्ये वाफेच्या व पाण्याच्या परस्परविरोधी प्रवाहांच्या अस्थिरतेवरून जी कमाल मर्यादा काढली, तीही सुमारे ११ लाख वॅटच येते. अर्थात वीस अंशांच्या आतबाहेरच सुरक्षितता संपते.

या सूत्रातील एक स्थिरांक मात्र सिद्धांतावरून मिळत नाही. तो प्रयोगानेच ठरवावा लागतो. पाण्यासाठी तो तांब्याला ०.०१३, तर पितळेला ०.००६ असा दिलेला आहे. स्थिरांकाचाही घन घ्यावयाचा असल्याने तापमान तेच असता दोन्ही उत्तरांत सुमारे दहापट अंतर पडते. पृष्ठभाग किती घासलेला आहे, यावरही तो अवलंबून असतो. म्हणून भांड्याची धातू व घडण विचारात न घेता केलेली आकडेमोड भरवशाची नव्हे.

या गणिताचे महत्त्व महाराष्ट्रात तारापूर येथे प्रत्यक्षास आले. तेथील दोन उत्कलनजल अणुभट्ट्यांनी ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मितीस आरंभ केला. अशा भट्टीत इंधनकांड्यांभोवतीच पाणी उकळते. तेथे दाब व प्रवाह वेगळे असल्याने वरील आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तथापि कांडीभोवती वाफेचे आवरण जमू नये, हा नियम तोच राहतो. कमाल मर्यादा व चालू प्रवाह यांत पुरेसे अंतर राखणे, हे अशा भट्टीच्या रचनेचे एक मूलभूत बंधन आहे.

नुकियामा यांचा निबंध जपानी भाषेत होता. त्याचे इंग्रजी भाषांतर १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. बत्तीस वर्षांच्या या अंतराने त्यातील शोधाचे मोल उणावले नाही. चर्र वाजणारा थेंब आणि पळणारा थेंब यांतील भेद मराठी बोलीला पूर्वीपासून ठाऊक आहे. त्या भेदाला अंकांची जोड देणारे लेखन मराठीत होणे, एवढेच उरते.